मचव्याच्या पोटातला वास

माझं नाक तिखट आहे. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्या नाकाने मला आयुष्यभर त्रासच दिला. माझं माहेर रत्नागिरीपासून आत, डोंगराच्या उतारावर. भात, नाचणी, परसात रातांब्याची झाडं, गोठ्यात गुरं. मासळी घरात यायची ती आठवड्याच्या बाजारातून, तीही बहुधा सुकी, आणि आई ती परसात वेगळी चूल मांडून शिजवायची. लग्न होऊन मी मिरकरवाड्याच्या अंगाला, समुद्राकाठच्या घरात आले आणि पहिला महिनाभर पदर नाकाला लावूनच वावरले. ओली जाळी, वाळत घातलेले बोंबील, होड्यांना बाहेरून चोपडायचं मुशी माशाचं तेल, सगळं एकदम अंगावर आलं. "नाकाची बायको केलीस रे," असं शेजारच्या बायका आमच्या यजमानांना चिडवायच्या. यजमान हसायचे. मला राग यायचा, पण श्वास कोंडून धरलेला असताना भांडता येत नाही.

घरात आम्ही तिघंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांनी उभी हयात समुद्रावर काढली होती आणि उन्हाने, खाऱ्या वाऱ्याने त्यांचे डोळे गेले होते; उजेड आणि सावली एवढाच फरक त्यांना कळायचा. त्यामुळे घरचा मचवा यजमानांच्या हाती आला होता. शिडाचं मालवाहू गलबत ते, फार मोठं नव्हे, पण रत्नागिरीचा माल मुंबईला नेऊन पोचवणारं. साल आता नेमकं सांगता येणार नाही. गावात मोटारलॉरी नवी होती, किनाऱ्याने आगबोटी जात-येत होत्या, आणि शिडाच्या गलबतांना माल मिळणं वर्षागणिक अवघड होत चाललं होतं.

त्या वर्षी मोसमाची शेवटची खेप सुकटीची होती. हर्णेहून पोती भरून मचवा परत येत असताना पावसाने आधीच गाठलं. पोती भिजली, काही फाटली. बंदरात आल्यावर पोती कशीबशी उतरवून घेतली, पण तोवर समुद्र इतका उसळायला लागला की मचवा ताबडतोब वर ओढून घ्यावा लागला. किनाऱ्यावर त्याला दोन्ही बाजूंनी टेकू लावले, वरून माडाच्या विणलेल्या झापांचं छप्पर केलं, आणि पोट न धुताच पावसाळाभर बंद करून ठेवला. आमच्याकडे मचव्याच्या मालाच्या जागेला पोटच म्हणतात.

श्रावणात नारळी पौर्णिमेच्या तयारीसाठी झाप काढले. यजमान आणि आमचा जुना खलाशी दोघे वर चढले आणि पोटावरच्या फळ्या उचलल्या. जुना खलाशी धावत बाजूला गेला आणि ओकला. ज्याचा जन्म मासळीत गेला त्या माणसाला ओकारी झाली असं ऐकल्यावरच मला कळलं की हे प्रकरण साधं नाही. यजमान घरी आले तेव्हा त्यांच्या केसांतून तो वास येत होता. मी त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं करून डोक्यावर पाणी ओतलं.

वास नुसता नकोसा असता तर निभावलं असतं. पण त्या वर्षी पहिल्या खेपेला गूळ भरायचा होता. बाजारातल्या एका पेढीच्या वखारीत घाटावरून आलेला गूळ पावसाळाभर समुद्र मोकळा होण्याची वाट बघत पडून होता, आणि गणपतीच्या आधी तो मुंबईला पोचायला हवा होता. गूळ फार हावरा, शेजारी जे असेल त्याचा वास ओढून घेतो. म्हणून त्या पेढीचे दिवाणजी माल भरण्याआधी स्वतः बंदरावर यायचे. गुळाचा एक खडा पातळ फडक्यात बांधून सकाळी मचव्याच्या पोटात टांगायचे आणि संध्याकाळी काढून तोंडात टाकायचे. खड्याला काही परकी चव लागली की ते दुसऱ्या मचव्याकडे चालू लागायचे, आणि त्यांनी नाकारलेल्या मचव्याला मग बंदरात दुसरंही कोणी विचारत नसे.

सासरे ओटीवर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "गूळ गेला तर दसऱ्याला मचवा इकायचा, आन ह्यानं मुंबईस जायचं. गोदीत नायतर गिरणीत. लॉरी आन आगबोट काय आता परत जायच्या नायत."

मी चुलीपाशी बसून ते ऐकलं. आमच्या आळीत घरोघर चाकरमान्यांच्या बायका होत्या. नवरा शिमग्याला दिसायचा, गणपतीला दिसायचा, मधल्या काळात त्याची मनीऑर्डर दिसायची. शेजारणीच्या मुलाने तर वडील आल्यावर 'पावणे आले' म्हणून आत सांगितलं होतं. सगळ्या हसल्या होत्या, ती स्वतःही हसली होती, आणि मग विहिरीवर जाऊन बराच वेळ एकटी बसली होती. मला तसं जगायचं नव्हतं. मला नवरा हवा होता, मनीऑर्डर नको होती. म्हणून त्या वासाशी माझंच वैर जडलं.

साफसफाई सुरू झाली. आधी तळाशी साचलेलं काळं पाणी उपसलं. मग मचवा रिकामा असताना तोल राहावा म्हणून तळात ठेवलेले दगड बाहेर काढून समुद्रात धुतले आणि उन्हाच्या तिरिपीत सुकवले. आतल्या फळ्या वाळूने आणि नारळाच्या सोडणांनी घासल्या, राखेने घासल्या, चिंचेच्या कोळाने घासल्या. मचव्याच्या मागच्या अंगाला, लाकडी फासळ्यांच्या सांदीत, फाटलेल्या पोत्यातली सुकट जाऊन बसली होती आणि तिचा काळा चिखल झाला होता. तो खरवडायला यजमानांनी माझं उलथनं नेलं. ते उलथनं मी पुन्हा घरात घेतलं नाही. शेवटी आतून चुन्याचा हात दिला.

आता मचव्याचं पोट डोळ्यांना लख्ख दिसत होतं. पण वास गेला की नाही हे सांगणार कोण? यजमानांना आणि जुन्या खलाशाला रोज त्यातच राहून काही कळेनासं झालं होतं. सासरे म्हणायचे, "माझ्या नाकात दर्याच बसलाय, मला काय इचारता?" उरले मी. पण मी मचव्यावर जाऊ शकत नव्हते. आमच्या लोकांत बाईमाणसाने मालाच्या गलबतावर पाय ठेवायचा नाही, त्यातून नारळ वाहून नव्या मोसमाची सुरुवात होण्याआधी तर नाहीच नाही. मग यजमानांनीच युक्ती काढली. धुतलेल्या धोतराचा एक तुकडा ते सकाळी मचव्याच्या पोटात टांगायचे आणि संध्याकाळी घडी करून माझ्यापुढे आणून धरायचे.

"हाय काय गो वास?"

"हाय अजून."

हे रोज संध्याकाळी. माझ्या तोंडाकडे बघत ते उभे राहायचे, आणि मी 'हाय' म्हटलं की घडी मुठीत चुरगाळायचे. तेव्हा मला माझ्या नाकाची चीड यायची. नाही म्हणून टाकावं असं एकदा फार वाटलं. पण मी खोटं बोलले म्हणून दिवाणजींच्या गुळाचा खडा खोटं बोलणार नव्हता. फडक्याला आंबूस, कुजका, घशात बसणारा वास येतच होता. लाकूड तो प्यालं होतं.

मग सासऱ्यांनी सांगितलं, आता धुरी द्या. कुजक्या मालाचा मचवा असला की त्यांच्या काळात शेवटचा उपाय हाच असायचा. करवंट्यांचे निखारे मोठमोठ्या खापरांत भरायचे, त्यावर राळ, ऊद, निगडीचा पाला टाकायचा, खापरं पोटात उतरवायची आणि वरून फळ्या, त्यावर जुनं शीड, त्यावर झाप घालून सगळं घट्ट बंद करायचं. दुसऱ्या दिवशी सगळं काढून मचवा वाऱ्यावर उघडा टाकायचा. धुराने वासही मरतो आणि उंदीर-झुरळंही.

करवंट्या मीच पेटवल्या, आमच्या परसात. निखाऱ्यांची खापरं उचलून नेताना मी यजमानांना म्हटलं, "वर कुठं तरी फट ठेवा हां. बाळंतिणीच्या खोलीला ठेवतात तशी."

ते मोठ्याने हसले. "मचवा काय बाळंत झालाय?"

"हसू नका. माझी काकू अशीच जात होती."

ते अर्धं ऐकून निघूनही गेले. मी सांगणार होते ते असं होतं. माझी काकू बाळंतीण असताना थंडी होती म्हणून खोलीत शेगडी ठेवली होती आणि वारा लागू नये म्हणून कोणी तरी दार-खिडकी घट्ट लावून घेतली होती. शेगडीत धूर नव्हता, नुसते लाल निखारे होते. सुईण शेक द्यायला आली तर दार उघडेना, आतून उत्तर येईना. तिने लाथ मारून दार उघडलं आणि आधी काकूकडे न बघता खिडकी उघडली. काकू वाचली. निखाऱ्यांचा दम कोंडला की तो न दिसता माणसाला झोपवतो, हे आमच्याकडे प्रत्येक बाईला ठाऊक असायचं. पुरुषांना बाळंतिणीच्या खोलीत काम नसायचं, त्यामुळे त्यांना ते कोणी सांगतही नसे.

फट कोणी ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी मचवा उघडून वाऱ्यावर टाकायचा, तर सकाळपासून पाऊस. रिपरिप, थांबायचं नाव नाही. शीड काढलं तर आतलं कोरडं लाकूड भिजणार आणि सगळी मेहनत मातीत जाणार, म्हणून ते तसंच राहू दिलं. आणि दिवाणजींचा निरोप आला होता की ते उद्या सकाळी खडा घेऊन येतील.

दुपारी मी पेजेचं भांडं घेऊन किनाऱ्यावर गेले. सासरे मचव्याच्या जवळच, एका उलट्या होडीच्या आडोशाला घोंगडी घेऊन बसले होते. जुना खलाशी बाजारात दोर आणायला गेला होता. यजमान मचव्याला लावलेल्या शिडीच्या तळाशी उभे होते. त्यांना आता राहवत नव्हतं. एकच कोपरा उचलून आत उतरतो, बघतो वास मेला की नाही, असं ते सासऱ्यांना सांगत होते.

"धूर येतोय काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"धूर कवाच इझलाय."

"मग उतर."

यजमान वळून शिडी चढायला लागले. धूर विझलाय, हे शब्द माझ्या कानावर पडले. काकूच्या खोलीतही धूर नव्हता. पेजेचं भांडं खाली ठेवून मी तोंड उघडलं.

"अवो—"

"मागनं हाक मारू नको गो!" सासरे इतक्या जोरात ओरडले की माझा आवाज त्यात बुडाला. "मचव्यावर पाय टाकतोय तो!"

निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही हे कोणत्याही घरात पाळतात. समुद्रावर जाणाऱ्यांच्या घरात तर ते जिवापाड पाळतात. मचव्यावर पाय ठेवणाऱ्याला मागून बायकोने हाक मारली आणि तो परत आला नाही, अशा गोष्टी त्या आळीत लहान मुलांनाही पाठ होत्या. यजमानांनी मागे पाहिलं नाही, कारण मागे पाहायचंही नसतं. त्यांनी शिडाचा कोपरा उचलला, एक फळी सरकवली आणि त्या भोकातून आत गेले. शीड त्यांच्या मागे पुन्हा खाली पडलं.

"अवो मामंजी, आत निखारे हायत. दम कोंडलाय आत."

"काय नाय होत. आमी काय पयल्यांदा धुरी देतोय? ऐक, ठोकतोय बघ."

खरंच आतून आवाज येत होता. मचव्याच्या पोटात उतरलं की मुठीने फळ्या ठोकत पुढे जायची यजमानांना सवय होती, कुठे लाकूड सडलंय का ते त्या आवाजावरून कळायचं. ठक, ठक, मग थोडं पुढे, ठक. सासरे मान तिरकी करून ऐकत होते. मीही ऐकत होते. पाऊस होडीच्या तळावर पडत होता आणि त्या आवाजातून मी तो दुसरा आवाज वेचून काढत होते. मग ठक झालं आणि पुढचं झालं नाही.

"वास घेत असंल," सासरे म्हणाले. पण त्यांचाही आवाज बदलला होता.

मी हाक मारली. मागून की पुढून, कोणाला काय वाटेल, काही बघितलं नाही. अवो म्हणून मारली, आणि नंतर जे नाव बायकोने तोंडातून काढायचं नसतं ते नाव घेऊन मारली. काही उत्तर आलं नाही.

मी धावले. शिडीवर पाय ठेवला तशी सासऱ्यांना चाहूल लागली. "पाय ठेवू नको! तू नको! कोणाला तरी बोलव!" बोलवायला जवळपास कुणी नव्हतं, आणि असतं तरी मी थांबले नसते. लुगडं पायात येत होतं, ते वर खोचलं आणि मी मचव्यावर चढले.

आधी आत बघावं असं फार वाटत होतं. पण मला ती सुईण आठवली. मी आधी झाप ओढून खाली फेकले, मग शीड. भिजलेलं शीड जड होतं, ते हलेना. मी त्याच्यावर पडून, टाचा रोवून ओढलं. मग फळ्या. एकेक फळी उचलायची आणि फेकायची. समुद्रावरून वारा येत होता, तो भसकन आत शिरला, पाऊसही शिरला. मग मी कडेला ओणवी झाले.

आत राळेचा आणि ऊदाचा वास होता. एवढाच. कुजका वास साफ गेला होता. यजमान खाली पालथे पडले होते, एक हात पुढे, ठोकायला उगारल्यासारखा.

छातीत मावेल तेवढा वारा भरून मी आतल्या शिडीने खाली उतरले. त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. माणूस इतका जड असतो हे मला ठाऊक नव्हतं. थोडेसे सरकले, मग माझाच दम संपला, कानांत घण वाजायला लागले, आणि मी त्यांना तिथेच टाकून वर आले. तो क्षण माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट. त्यांच्याकडे पाठ करून शिडी चढताना मला वाटलं की आता पुन्हा खाली जाईन तेव्हा उशीर झालेला असेल.

वर तोंड काढलं तर समोर सासरे. ज्या माणसाला ओटीवरून अंगणात उतरताना हात द्यावा लागायचा, ते चाचपडत शिडी चढून आले होते. मचवा त्यांच्या हातांना पाठ होता. नुसत्या हातांनी त्यांनी खुंटाला गुंडाळलेला दोर शोधून काढला होता आणि त्याचं टोक माझ्याकडे धरून ते उभे होते.

"बांध काखेतनं. घट्ट."

पुन्हा दम भरून मी दोर घेऊन खाली उतरले. मला खलाशांची गाठ येत नव्हती. मी गुरांच्या दाव्याची गाठ मारली, माहेरी शिकलेली, जी गाईने कितीही हिसडा दिला तरी सुटत नाही. वर आले आणि आम्ही दोघांनी दोर ओढला. सासऱ्यांचे हात पुढे, माझे मागे. मध्येच त्यांचा हात माझ्या बांगड्यांवर पडला. ते नुसतं "हां, वड," एवढंच म्हणत राहिले. यजमानांचं डोकं वर आलं तेव्हा त्यांचा चेहरा निखाऱ्यासारखा लाल होता. मेलेला माणूस पांढरा पडतो हे मला ठाऊक होतं, त्यामुळे त्या लाल रंगाचा मला उगीचच धीर आला.

त्यांना उघड्यावर उताणं टाकलं. पाऊस तोंडावर पडत होता. मी गालावर चापट्या मारल्या. चापट्या कसल्या, थोबाडीतच मारल्या. भीतीइतकाच मला रागही आला होता. बऱ्याच वेळाने त्यांच्या छातीतून खरखर आली, मग ते कुशीवर वळले आणि ओकले. सासऱ्यांनी त्यांचं पाऊल दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं, ते काही सोडेनात.

यजमानांनी डोळे उघडले. मला बघितलं. आणि पहिला शब्द काय बोलावा त्यांनी?

"वास गेला काय?"

"गेला," मी म्हटलं. "तुमच्या आधी गेला."

एवढं बोलले आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेना.

तोवर जुना खलाशी आणि वाटेत त्याला भेटलेली माणसं येऊन पोचली होती. त्यांनी सासऱ्यांना आणि यजमानांना खाली उतरवलं, यजमानांना घोंगडीत गुंडाळलं, कोणी गरम पाणी आणलं. सगळं झाल्यावर मात्र ते खाली गोळा होऊन हळू आवाजात बोलायला लागले. मी अजून वरच उभी होते. जुन्या खलाशाने माझ्याकडे बघून खाली बघितलं. "नारळाच्या आदी बाईमाणसाचा पाय लागला," तो सासऱ्यांना म्हणाला. "उद्या पोरं चढायची नायत."

मला वाटलं, आता सासरे बोलतील. ह्याच बाईने दोर बांधला, एवढं तरी म्हणतील. सासऱ्यांनी घोंगडीवरून मुलाचं अंग चाचपलं. मग म्हणाले, "धुऊन घ्या."

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. सकाळी मचवा पुन्हा धुतला, गोमूत्र शिंपडून आणि समुद्राचं पाणी ओतून. यजमानांचं डोकं अजून जड होतं, चालताना झोक जात होता, पण मचव्याचे तांडेल, म्हणजे प्रमुख, म्हणून ते त्यांनाच करावं लागलं. ज्या फळ्या मी उचलून फेकल्या त्या त्यांनी धुतल्या. ज्या कडेवर मी ओणवी झाले होते ती त्यांनी धुतली. मी माडाखाली उभी राहून बघत होते. कुजलेल्या सुकटीचा चिखल पावसाळाभर त्या मचव्यात बसला होता तेव्हा तो विटाळला नव्हता, माझ्या पावलांनी विटाळला. मला फार लागलं ते. आजही लागतं. पण घागर उचलणाऱ्या त्या हाताकडे बघत मी मनाशी म्हटलं, धुवा, हवं तेवढं धुवा, तुम्ही धुताय हेच मला पुष्कळ आहे.

मग दिवाणजी आले, त्यांनी फडक्यात बांधलेला खडा आत टांगला. संध्याकाळची वाट बघताना मी चुलीवर भात करपवला. दिवाणजींनी संध्याकाळी खडा काढून त्याचा तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि बराच वेळ चघळला. "ऊदाची चव लागत्ये थोडी," ते म्हणाले. "चालेल. देवाचाच गूळ आहे." उरलेला खडा फोडून त्यांनी खलाशांना वाटला. तो माझ्यापर्यंत आला नाही आणि मी मागितलाही नाही.

नारळी पौर्णिमा झाली. मचवा पाण्यात लोटला, गूळ भरला आणि निघायचा दिवस आला. यजमान एकदा आत उतरून ढेपा नीट लागल्यात की नाही ते बघणार होते आणि मग शीड चढणार होतं. आम्ही बायका नेहमीसारख्या किनाऱ्यावर, लांब. सासरे माझ्या शेजारी काठी टेकून उभे होते. यजमान होडीतून मचव्यापाशी गेले, वर चढले, पोटाच्या तोंडापाशी पोचले. आणि तिथे थांबले. निघालेल्या माणसाने मागे बघायचं नसतं, पण ते पूर्ण वळले आणि किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले.

खलाशी वाट बघत होते. सासऱ्यांना नुसतं एवढं कळलं की वरची हालचाल थांबली आहे. "काय झालं गो? थांबला का?"

"काय नाय," मी म्हटलं. "हिकडं तोंड करून उभे हायत."

मी 'उतरा' अशी मान हलवली, तेव्हा यजमान खाली उतरले, तोंड माझ्याकडे ठेवूनच, आणि शेवटी फक्त डोकं दिसत होतं तेव्हाही डोळे माझ्यावर होते. त्यानंतर मचवा मोडीत निघेपर्यंत प्रत्येक खेपेला ते असेच उतरले. मी पुन्हा त्या मचव्यावर कधी पाय ठेवला नाही आणि त्यांना मागून हाकही मारली नाही. तशी वेळच त्यांनी माझ्यावर येऊ दिली नाही.